इराणी आडनाव: उगम, प्रसार आणि मूळ गाव शोधण्याच्या वाटा (चर्चेचा धागा; प्रत्येक उताऱ्यावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

अनुक्रमणिका

अर्देशीर इराणी, मेहेरबाबा म्हणजे मेरवान शेरियार इराणी, टाटा स्टीलचे जमशेद इराणी, ज्यांच्या नावाने इराणी करंडक आहे ते झाल इराणी, एसेक्सचा रॉनी इराणी, अरुणा इराणी, बोमन इराणी. आडनाव एकच असलं तरी ही मंडळी एका घराण्यातली नाहीत. इराणातल्या यझद आणि केरमानकडून मुंबईत उतरलेल्या माणसाला इथे जे म्हटलं गेलं ते शाळेच्या दाखल्यावर, दुकानाच्या परवान्यावर चढलं आणि पुढच्या पिढ्यांना लागलं. त्यामुळे नुसतं 'इराणी' टाकून वंशावळ शोधायला बसलेला माणूस हमखास भरकटतो. या धाग्यावर तीन गोष्टी नीट गोळा करू: आडनाव कधी आणि कसं बनलं, आज ते कुठे कुठे आहे, आणि मागे जात मूळ गाव गाठायचं तर काय करायचं.

पहिला भाग मी मांडते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इराणात आजच्या अर्थाने आडनाव नव्हतं. स्वतःचं नाव, बापाचं नाव, जमल्यास आजोबाचं, आणि गरज पडली तर गाव, धंदा किंवा दरबारी किताब, एवढ्यावर भागायचं. झरथुष्ट्री, म्हणजे पारशांच्याच धर्माच्या, घरांत तर सरळ साखळी असे: खोदादाद रुस्तम बहराम, म्हणजे बहरामचा मुलगा रुस्तम, त्याचा मुलगा खोदादाद. १९१८ मध्ये तेहरानात नागरी नोंदणी सुरू झाली. पहिली शनासनामे, म्हणजे तिथली ओळखपुस्तिका, इराणी सौरवर्ष १२९७ मध्ये, म्हणजे डिसेंबर १९१८ मध्ये निघाली. ती ज्या मुलीच्या नावे निघाली तिचं नाव होतं फातिमा इरानी. म्हणजे खुद्द इराणात पहिल्या नोंदीवर हेच आडनाव आहे, आणि त्याचा मुंबईच्या इराण्यांशी काहीही संबंध नाही. ही गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवलेली बरी.

१९२५ मध्ये मजलिसने, म्हणजे इराणच्या संसदेने, किताब रद्द केले आणि जूनमध्ये नोंदणीचा कायदा करून आडनाव सक्तीचं केलं. त्याच आठवड्यात सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला, हा योगायोग नव्हता. कोणाला बोलवायचं आणि कोणाकडून कर घ्यायचा हे ठरवायला ठाम नावं लागत होती.

यावरून माझा मुद्दा असा. मुंबई-पुण्याच्या इराणी घराण्यांपैकी बहुतेकांचे पूर्वज १९२५ च्या आधी निघाले. तिथे आडनावं वाटली गेली तेव्हा ते हजर नव्हते. मागे राहिलेल्या सख्ख्या भावाने आजोबाच्या नावावरून 'शहरियारी', 'जमशीदियान' किंवा 'रुस्तमी' असं काही घेतलं असेल. इकडचा भाऊ इराणीच राहिला. म्हणून आडनावावरून गाव किंवा कूळ कळत नाही. कुटुंब साधारण केव्हा निघालं, एवढं मात्र कळू शकतं.

---

खाडीकाठ

उत्तम सुरुवात. लोक का निघाले, हेही इथे हवं, कारण निघण्याच्या काळावरच पुढचा शोध अवलंबून आहे.

एकोणिसाव्या शतकात यझद-केरमानच्या झरथुष्ट्र्यांवर जिझिया होता. त्याबरोबर घराची उंची, कपड्याचा रंग, घोड्यावर बसणं अशा गोष्टींवर बंधनं होती. मुंबईच्या पारशांनी वर्गणी काढून मानेकजी लिमजी हातरिया यांना १८५४ मध्ये तिकडे पाठवलं. त्यांच्या आणि मुंबईच्या मंडळींच्या दीर्घ खटपटीनंतर १८८२ मध्ये नासिरुद्दीन शाहने जिझिया माफ केला. पण मधल्या काळात, १८७० ते १८७२ च्या दुष्काळाने यझदचा पट्टा होरपळून निघाला होता आणि मुंबईची वाट मळलेली झाली होती. जिझिया गेल्यावरही ओघ थांबला नाही. इकडे बेकरी, चहाचं दुकान, सोडावॉटर यांत आधी आलेले गाववाले नव्याला कामावर घेत, आणि काही वर्षांनी तो स्वतःचं दुकान टाके.

मार्ग दोन. यझद किंवा केरमानहून उतरून बंदर अब्बास, तिथून बोटीने कराची किंवा थेट मुंबई. दुसरा बलुचिस्तानातून क्वेट्टा आणि तिथून रेल्वे. या दुसऱ्या मार्गामुळे क्वेट्टा आणि कराचीतही इराणी आडनावाची घरं वसली. एकाच कुटुंबाचा एक फाटा कराचीत आणि एक पुण्यात, हे पुष्कळदा दिसतं. १९४७ नंतर कागदही असेच दोन देशांत विभागले गेले, हे लक्षात असू द्या.

महाराष्ट्रात मुंबई-पुण्यापलीकडे डहाणू, घोलवड, बोर्डीचा पट्टा विसरू नका. तिथल्या चिकूच्या वाड्यांत इराणी झरथुष्ट्री कुटुंबं बरीच आहेत, आणि जमिनीचे सातबारे, फेरफार यांत पूर्ण साखळीचं नाव सापडण्याची शक्यता शहरातल्या कागदांपेक्षा जास्त.

---

सांजवारा

एक शंका. इराणी म्हणजे पारशीच ना? आपल्याकडे सगळे तसंच धरून चालतात. आणि मग पुण्यातल्या इराणी हॉटेलांचे काही मालक मुसलमान कसे?

---

दप्तरी

सांजवारा, ही गल्लत सार्वत्रिक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे या आडनावाखाली किमान तीन वेगळे समाज येतात.

पहिला, झरथुष्ट्री इराणी. धर्म पारशांचाच, पण आगमन निराळं. पारशांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर आले, हे लोक मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पहिल्या काही दशकांत. घरात 'दरी' नावाची यझद-केरमानी बोली. कायद्याने मात्र ते पारशांतच मोडतात: मुंबई उच्च न्यायालयाने १९०८ च्या पेटिट विरुद्ध जिजीभाई निकालात पारशी कोण हे सांगताना इराणातून आलेल्या, झरथुष्ट्री धर्म पाळणाऱ्या इराण्यांना स्पष्टपणे आत घेतलं. जनगणनेतही त्यांची वेगळी मोजदाद होत नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात ५७,२६४ पारशी नोंदले गेले, त्यात इराणीही आहेत. त्यातले किती इराणी, हे त्या आकड्यातून काढता येत नाही. कोणी तसं काढून दाखवलं तर विश्वास ठेवू नका.

दुसरा, यझद आणि आसपासच्या भागातूनच आलेले शिया मुसलमान. चहाचं हॉटेल हा धंदा दोघांनी केला. त्यांच्यात इराणी आडनाव आहे, तसंच यझदी, शिराझी, काशानी अशी गावावरून आलेली नावंही आहेत. मुंबईत डोंगरीची मुघल मशीद १८६० मध्ये बांधणारे हाजी मोहम्मद हुसेन शिराझी हे व्यापारी याच वाटेवरचे, पण ते खूप आधीचे. यांचे कागद शोधायला पारशी पंचायतीत जाऊन उपयोग नाही. इमामवाडे, मशिदींचे विश्वस्त आणि कब्रस्तानच्या नोंदी हे त्यांचं दप्तर.

तिसरा, आंबिवली, भिवंडी, पुण्याच्या शिवाजीनगर भागातला इराणी समाज. हे लोकही शिया, पण पूर्वी फिरस्ते, घोड्यांचा व्यापार करणारे. त्यांची बोली, नातेसंबंध आणि येण्याचा इतिहास पहिल्या दोघांपेक्षा वेगळा. त्यांच्यात जाफरी, सय्यद ही आडनावंही चालतात आणि कागदावर कोणतं चढेल हे नोंद करणाऱ्यावर ठरलेलं.

मतदार यादीत या तिघांचं आडनाव अक्षराने सारखं दिसतं. फरक कळतो तो मधल्या नावावरून. मधलं नाव हॉर्मझदियारसारखं असेल तर पहिला समाज. गुलाम हुसेन, अली अकबर असेल तर बाकीच्या दोघांपैकी एक. रुस्तम, जमशेद, सोहराब, फरीदून यांवरून मात्र काहीच ठरवू नका. ही शाहनामा या फारसी महाकाव्यातली नावं मुसलमान घरांतही सर्रास ठेवतात.

---

मोडीवाला

विषय निघालाच आहे तर एक बारीक गोष्ट. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, जामदार, किल्लेदार या आडनावांना काही ठिकाणी 'पर्शियन आडनावं' म्हणून यादीत टाकलेलं दिसतं. शब्द फारसी आहेत हे खरं, पण ती बहमनी, निजामशाही, आदिलशाही आणि पुढे मराठेशाहीच्या दप्तरातली पदं. ती धारण करणारी घराणी इथलीच. तुम्ही आडनावांचा नकाशा बनवत असाल तर भाषेचा उगम आणि माणसांचा उगम हे दोन स्वतंत्र रकाने ठेवा, नाहीतर सगळा कोकण आणि देश इराणात जाऊन बसेल.

---

अनुक्रमणिका

मोडीवाला, अगदी बरोबर, त्यांच्यासाठी स्वतंत्र धागा व्हायला हवा.

दप्तरींनी सांगितलेल्या मधल्या नावाबद्दल पुढे सांगते, कारण शोधाची खरी किल्ली तिथेच आहे. मेहेरबाबांच्या घराचं उदाहरण घ्या, कारण ते सार्वजनिक आणि व्यवस्थित नोंदलेलं आहे. मेरवान शेरियार इराणी, जन्म पुणे, २५ फेब्रुवारी १८९४. वडील शेरियार मुंदेगर इराणी, यझदजवळच्या खुर्रमशाहचे. आडनाव बाजूला ठेवलं की मेरवान, शेरियार, मुंदेगर अशी तीन पिढ्यांची साखळी हातात येते. यझदच्या जुन्या कागदांत शोधायचं असेल तर ही साखळीच शोधायची. 'इराणी' तिथे कुठेच नसणार, कारण यझदमध्ये कोण कोणाला इराणी म्हणेल?

म्हणून कृती अशी:

१. घरातल्या सर्वांत जुन्या व्यक्तीचं पूर्ण नाव तीन दुव्यांपर्यंत पक्कं करा. लग्नाचा दाखला, अग्यारीतल्या नवजोतची (धर्मदीक्षेची) नोंद, दुकानाच्या भागीदारीचा करार यांपैकी एक तरी कागद मिळवा. तोंडी आठवण पुरेशी नाही, कारण आजोबा आणि पणजोबा यांची नावं आलटून पालटून तीच येतात आणि माणसं एक पिढी गाळतात.

२. गाव शोधा. 'यझदचे' एवढं उत्तर अपुरं आहे. झरथुष्ट्री वस्ती शहरात एका मोहल्ल्यात आणि बाकी आसपासच्या गावांत होती: शरीफाबाद, तफ्त, चम, मुबारके, खुर्रमशाह, मरियमाबाद, नसराबाद, अल्लाहाबाद, झैनाबाद, कासिमाबाद, अहरिस्तान, मझरए कलांतर. गाव कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकाच काळात 'रुस्तम बहराम' नावाची माणसं चार गावांत असू शकतात.

३. मग इराणातल्या शाखेने १९२५ नंतर कोणतं आडनाव घेतलं ते विचारा. तिथल्या नातेवाइकांचं एखादं जुनं पत्र, पाकिटामागचा पत्ता, यातून ते मिळतं.

इथे एक कायदेशीर बारकावा उपयोगी पडतो. इराणी कायद्यात आडनावावर पहिल्या नोंदवणाऱ्याचा हक्क असतो. त्याच नोंदणी विभागात दुसऱ्या कोणाला तेच आडनाव हवं असेल तर मूळ धारकाची परवानगी लागते, आणि हा हक्क वारसांकडे जातो. त्यामुळे नंतर आलेल्यांनी 'पूर', 'झादे', 'निझाद', 'निया' असे प्रत्यय लावले किंवा गावाचं नाव जोडलं. म्हणून सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असणं तिथे नवलाचं नाही, आणि सारखं आडनाव म्हणजे नातं असंही नाही.

---

वेस

लेखनातल्या फरकांचं काय? हाच भाग सर्वांत जास्त घोळ घालतो. मी कामाला येणारी जुळणी देतो, डावीकडे फारसी उच्चार, उजवीकडे मुंबईच्या कागदांवर दिसणारं रूप:

शहरियार – शेरियार
मेहरबान – मेरवान, मेहेरवान
बहराम – बेहराम, बेराम
इस्फंदियार – अस्पंदियार
कैखुस्रो – कैखुशरू, खुसरू
गुश्तास्ब – गुस्तास्प
हुर्मुझदियार – हॉर्मझदियार, होरमझ
मुर्वारीद – मरवारीद

मुंबईचा कारकून बहुधा पारशी किंवा गुजराती, त्यामुळे त्याने आपल्या ओळखीच्या पारशी वळणाने नाव लिहिलं. रोमन लिपीत तर आणखी पाच रूपं. आडनावाच्या शेवटी आय, वाय किंवा दोन ई, तिन्ही दिसतात. मराठी मतदार यादीत 'इराणी', 'ईराणी', 'इरानी' तिन्ही वेगळे शोधावे लागतात, आणि हिंदी, गुजराती याद्यांत न असतो. यंत्राने लिप्यंतर केलेल्या याद्यांत 'इरानि' असं ऱ्हस्वही सापडतं. पहिलं अक्षर स्वर असल्यामुळे ध्वनीवरून जुळवणी करणारी संगणकीय पद्धत इथे फारशी कामाची नाही. अर्धवट नावावरून शोध देणारी, म्हणजे शेवटी तारांकन चालणारी सोय असेल तर ती वापरा.

आणखी एक. १९३५ पर्यंत परदेशी व्यवहारात देशाचं नाव पर्शिया होतं. त्यामुळे ब्रिटिश कागदावर आडनाव इराणी आणि नागरिकत्व पर्शियन असं एकाच ओळीत दिसतं. ते दोन वेगळे उल्लेख समजून कोणी वगळू नये.

---

दप्तरी

वेस, जुळणी छान. त्यात तारखांची भर घालतो, कारण तारखांमुळे माणसं वीस-चाळीस वर्षं चुकतात.

इराणी कागदावर १२९७ लिहिलेलं दिसलं तर ते कोणतं? सौर हिजरी असेल तर १९१८-१९. चांद्र हिजरी असेल तर १८७९-८०. सौर पंचांग १९२५ पासून अधिकृत झालं, त्याआधीच्या खासगी कागदांवर चांद्र वर्ष असण्याची शक्यता दाट. महिन्याचं नाव पाहा: फरवरदीन, मेहर, दै असेल तर सौर, मोहरम, सफर, रजब असेल तर चांद्र. सौर वर्षात जानेवारी ते २० मार्चच्या आसपासच्या तारखेसाठी ६२२ मिळवा, बाकी वर्षभर ६२१.

पण झरथुष्ट्री कागदांवर तिसरीच भानगड असते. तिथे यझदगर्दी सन असतो आणि महिन्यांची नावं सौर इराणी महिन्यांसारखीच ऐकू येतात. १२७८ यझदगर्दी म्हणजे १९०८-०९. या सनात ६३० मिळवले की गेल्या शे-सव्वाशे वर्षांपुरतं वर्ष बरोबर बसतं. त्यातही कदमी आणि शहेनशाही असे दोन पंचांग मुंबईत चालतात. वर्षाचा आकडा सारखा, पण कदमी तारीख बरोबर एक महिना म्हणजे ३० दिवस पुढे. इराण्यांची अग्यारी बहुधा कदमी आणि जवळची पारशी अग्यारी शहेनशाही असेल, तर एकाच बाळाच्या जन्माची रोज-माह (दिवस-महिना) नोंद दोन ठिकाणी एका महिन्याच्या फरकाने दिसते. ती दोन बाळं समजू नका.

आता मुंबईत कागद कुठे मिळतील ते.

महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग: वॉर्ड माहीत हवा. मुलाचं नाव नंतर घातलं जाई, त्यामुळे जुन्या नोंदीत फक्त 'मुलगा' आणि बापाचं नाव असतं. शोध बापाच्या नावाने करा.

इराणी झरथुष्ट्री अंजुमन: मुंबईत १९१८ मध्ये स्थापन झाली, दिनशाह इराणी हे त्यामागचे प्रमुख. १९२२ ची इराण लीगही त्यांचीच. नव्याने आलेल्यांना राहण्या-नोकरीची, पुढे कागदपत्रांची मदत अशा संस्थांतून होई.

काळा घोडा इथलं महाराष्ट्र पुराभिलेखागार: मुंबई इलाख्याच्या राजकीय खात्याच्या फायली. पर्शियन प्रजाजन, त्यांच्या तक्रारी, पासपोर्ट, मालमत्तेचे वाद. नावावरून यादी नसते, वर्ष आणि विषय धरून बस्ते मागवावे लागतात. सूची आधी वाचा, मगच मागणीपत्र भरा.

१९३९ च्या परकीय नोंदणी कायद्याचे कागद: ज्यांनी इराणी नागरिकत्व सोडलं नव्हतं त्यांना पोलिसांकडे नोंद करावी लागली. जन्मस्थळ, येण्याची तारीख, बंदर आणि फोटो एकाच ठिकाणी असलेला हा बहुतेकदा एकमेव कागद. घरातल्या जुन्या पेटीत नोंदणीची पुस्तिका असेल तर तिला जपा.

शेवटी राजपत्र. राज्य सरकारच्या राजपत्रात नाव बदलल्याच्या जाहिराती येतात. कित्येक घरांनी 'इराणी' सोडून दुकानाचं किंवा आजोबाचं नाव घेतलं आहे, उलटही झालं आहे. साखळी मध्येच तुटली तर इथे पाहा.

---

सांजवारा

दप्तरी, तुमच्या प्रतिसादात परकीय नोंदणीचं आलं. बापाकडे इराणी नागरिकत्व आणि मुलगा मुंबईत जन्मलेला, मग त्याचं आडनाव कोणतं धरायचं?

---

दप्तरी

दोन्ही खरी. इराणच्या दिवाणी संहितेनुसार इराणी बापाचं मूल कुठेही जन्मलं तरी इराणी. परदेशात राहणाऱ्यांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी करण्याचं काम त्यांच्या वकिलातीकडे. त्यामुळे मुंबईच्या वकिलातीने दिलेल्या शनासनाम्यात फारसीत एक आडनाव असेल, जे यझदमधल्या काकाने १९२५ नंतर घेतलं. आणि मुंबईच्या शाळेच्या दाखल्यावर इराणी असेल. हा कागद हाती लागला तर अर्धं काम झालं, कारण दोन्ही फाट्यांना जोडणारा दुवा तोच. आतल्या पानावर कोणत्या विभागातून, कोणत्या क्रमांकाने निघालं ते लिहिलेलं असतं. तो क्रमांक उतरवून घ्या.

अडचण वारसाहक्काच्या वेळी येते. इराणात जमीन असेल आणि मुंबईतला वारस 'इराणी' नावाने अर्ज करत असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, त्याचा फारसी अनुवाद आणि दूतावासाचा शिक्का लागतो. नुसतं आधार कार्ड दाखवून तिथे काही होत नाही.

---

खाडीकाठ

आता परदेशातला प्रसार. इथे आकडे फेकणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहा. आडनावांचे जागतिक नकाशे दाखवणारी संकेतस्थळं मतदार याद्या, दूरध्वनी पुस्तिका आणि अंदाज यांची मिसळ करतात, आणि इराणी आडनावाच्या बाबतीत मुंबई, तेहरान, बैरुत सगळं एकाच रंगात रंगवतात.

परदेशातल्या इराणी आडनावाचे किमान चार उगम वेगळे ओळखता येतात.

एक, मुंबई-पुणे-कराचीतून गेलेले झरथुष्ट्री. ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया. रॉनी इराणी हे सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण: १९७१ मध्ये लँकेशरमधल्या ली गावात जन्म, वडील मुंबईचे, इंग्लंडकडून ३ कसोटी आणि ३१ एकदिवसीय सामने. मराठी प्रदेशातून उचलून इंग्लंडच्या धावफलकावर गेलेलं हे आडनाव मला विशेष वाटतं, कारण तोवर ते यझदपासून दोन टप्पे दूर गेलेलं होतं.

दोन, १९७९ च्या क्रांतीनंतर थेट इराणातून बाहेर पडलेले. यांच्यात 'इरानी' असलं तरी थोडं. त्यांच्याकडे तेहरानी, यझदानी, केरमानी, शहरियारी अशी नोंदणीतली आडनावं असतात. दक्षिण कॅलिफोर्निया, टोरांटो, व्हँकुव्हर, स्वीडन, जर्मनी.

तीन, लेव्हंटमधली, म्हणजे लेबनॉन-सीरियाच्या पट्ट्यातली, अरबी भाषक कुटुंबं. इराणातून कधीतरी तिकडे गेलेल्या पूर्वजाला शेजाऱ्यांनी दिलेलं नाव, म्हणजे मुंबईसारखीच प्रक्रिया, दुसऱ्या बंदरात. ऑक्सिडेंटल पेट्रोलियमचे प्रमुख राहिलेले रे इराणी हे १९३५ मध्ये बैरुतमध्ये जन्मलेले. त्यांना मुंबईच्या वंशावळीत घालणारे लोक मी पाहिले आहेत, ते चूक.

चार, इराणातून इस्राएलला गेलेली ज्यू कुटुंबं. तिथेही देशावरून पडलेलं आडनाव.

दुसरा गट सोडला तर बाकी तिन्ही ठिकाणी एक नियम समान दिसतो: देशाचं नाव आडनाव होतं ते देश सोडल्यावर.

---

वेस

खाडीकाठ यांच्या यादीला एक वापरण्याजोगी युक्ती जोडतो. अमेरिकेचं जनगणना खातं १०० किंवा त्याहून जास्त वेळा आलेल्या आडनावांची यादी छापतं. २०१० च्या यादीत १,६२,२५३ आडनावं आहेत आणि प्रत्येकापुढे वंशगटांची टक्केवारी. आता पाहा: त्या वेळच्या वर्गीकरणात इराण, लेबनॉन, इस्राएलमधून आलेले 'श्वेत' गटात धरले जात आणि भारत-पाकिस्तानातून आलेले 'आशियाई' गटात. म्हणजे इराणी आडनावासमोरचे हे दोन स्तंभ ढोबळपणे मुंबई-कराचीचा वाटा आणि पश्चिम आशियाचा वाटा दाखवतात. ही माहिती लोकांनी स्वतः भरलेली असते, आणि मुंबईचे काही झरथुष्ट्री स्वतःला इराणी वंशाचे म्हणून पहिल्या गटात टाकतात, म्हणून ढोबळ म्हटलं. २०२४ मध्ये पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेसाठी वेगळा गट ठरवला गेला आहे, त्यामुळे जुन्या आणि यापुढच्या याद्या थेट ताडून पाहू नका.

ब्रिटनमध्ये दुसरी सोय. इंग्लंड आणि वेल्सच्या जन्मसूचीत १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून आईचं माहेरचं आडनाव छापलेलं असतं. बाप इराणी आणि आई दारूवाला, मिस्त्री, कॉन्ट्रॅक्टर असेल तर कुटुंब मुंबईकडचं हे लगेच कळतं. आई यझदी किंवा तेहरानी असेल तर वेगळा विचार करा. आई इंग्रज असेल तर लग्नाचा दाखला मागवा, त्यावर दोघांच्याही बापांचं नाव आणि धंदा असतो, म्हणजे साखळीतला आणखी एक दुवा.

नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रांत शोधताना एक गफलत होते. १९४९ च्या आधी ब्रिटिश भारतात जन्मलेला माणूस ब्रिटिश प्रजाजनच होता, त्याला वेगळं नागरिकत्व घ्यावं लागत नसे. त्यामुळे त्या यादीत नाव नाही, याचा अर्थ माणूस गेला नाही असा नसतो. यझदमध्ये जन्मून मुंबईमार्गे गेलेला मात्र त्या यादीत सापडू शकतो, आणि तिथे जन्मगाव लिहिलेलं असतं.

---

सांजवारा

मग अमेरिका-कॅनडात मुंबईचे इराणी आणि यझदहून आलेले नातेवाईक परत भेटतात का कुठे? आडनावं वेगळी, भाषा वेगळी.

---

अनुक्रमणिका

भेटतात, आणि ते ठिकाण म्हणजे दरबे मेहर, झरथुष्ट्री प्रार्थनास्थळ. अरबाब रुस्तम गिव या यझदच्या दानशूर उद्योजकांनी न्यूयॉर्क, टोरांटो, व्हँकुव्हर, कॅलिफोर्निया, सिडनी अशा ठिकाणी झरथुष्ट्री केंद्रांसाठी पैसा दिला. तिथे गुजराती बोलणारे पारशी, गुजराती आणि थोडी दरी जाणणारे मुंबईचे इराणी, आणि फारसी बोलणारे १९७९ नंतरचे लोक एका छताखाली येतात. पंचांगावरून वाद होतात, कारण नवे लोक फसली पंचांग मानतात, ज्यात नवरोझ २१ मार्चच्या सुमारास पक्का.

शोधासाठी याचा उपयोग असा. तिथल्या सूचनाफलकावर किंवा सभासदांच्या पत्रिकेत 'इराणी कुटुंबाबद्दल माहिती हवी' असं लिहू नका, शंभर जण उत्तर देतील आणि एकही कामाचा नसेल. असं लिहा: "रुस्तम बहराम खोदाबख्श, गाव शरीफाबाद, १९०५ च्या सुमारास मुंबईला गेले, मागे भाऊ फरीदून बहराम राहिला." (नावं नमुन्याची आहेत.) यझदच्या माणसाला साखळी आणि गाव कळलं की तो घर सांगतो. शक्य असेल तर तीच ओळ फारसी लिपीतही द्या, आणि मुंबईच्या वळणाने नको. वेस यांनी दिलेल्या जुळणीत डावीकडचं रूप वापरा. 'शेरियार' लिहिलंत तर तिकडच्या तरुण माणसाला ते 'शहरियार' आहे हे चटकन लक्षात येत नाही.

बायकांच्या बाजूचा शोध वेगळा करावा लागतो. इराणात लग्नानंतर बाई कागदावर माहेरचंच आडनाव ठेवते, नवऱ्याचं वापरायचं तर त्याच्या संमतीने. मुंबईत नवऱ्याचं आडनाव लागतं. म्हणून आजीचा यझदचा कागद आणि मुंबईचा कागद जुळत नसेल तर आधी हे पाहा.

---

मोडीवाला

डहाणूकडच्या सातबाऱ्यांचा उल्लेख वर आला म्हणून लिहितो. जुन्या फेरफार नोंदींत खातेदाराचं नाव 'इराणी रुस्तम बेहराम' असं आडनाव आधी लिहिलेलं असतं, आणि काही तलाठ्यांनी 'इराणी' हे जातीच्या रकान्यात टाकून आडनाव कोरं ठेवलं आहे. ऑनलाइन सातबारा आडनावाने शोधला तर अशा नोंदी निघत नाहीत. गट क्रमांक किंवा जुना सर्व्हे क्रमांक धरून फेरफाराची पुस्तकंच तहसील कार्यालयात पाहावी लागतात. वारस नोंदीच्या फेरफारात मयताची सगळी मुलं-मुली नावानिशी येतात, लग्न होऊन कराचीला किंवा इराणात गेलेल्या मुलीसुद्धा. नक्कल मागताना फेरफार क्रमांक आणि साल दोन्ही लिहा, आणि वारस नोंद असेल तर सोबतचा जबाबही मागा. गावाचं नाव कधी कधी फक्त त्या जबाबातच असतं.